विश्लेषण : आल्या बोटीने परत जायला नकार देणाऱ्या मदर कॅब्रिनी कोण होत्या? अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चमध्ये भाषेवरून वाद का पेटला होता?

न्यूयॉर्कच्या बंदरात ३१ मार्च १८८९ रोजी सात इटालियन नन बोटीतून उतरल्या. इथल्या इटालियन मुलांसाठी त्यांना अनाथाश्रम आणि शाळा चालवायची होती. निदान त्यांना तसं कळवण्यात आलं होतं. प्रत्यक्षात त्यांच्यासाठी राहायची जागाही तयार नव्हती. पहिली रात्र त्यांनी इटालियन वस्तीतल्या एका कळकट खोलीत काढली. ढेकणांमुळे अंथरुणावर पाठ टेकवण्याची सोय नव्हती, म्हणून सगळ्या बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी आर्चबिशपांना भेटायला गेल्या तर त्यांनी आल्या बोटीने इटलीला परत जाण्याचा सल्ला दिला.

या सात जणींच्या प्रमुख होत्या ३८ वर्षांच्या, उंचीने जेमतेम पाच फूट असलेल्या फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी. पोपनी मला पाठवलंय, तेव्हा मी राहणार, असं त्यांनी आर्चबिशपांना शांतपणे सांगितलं आणि त्या राहिल्या. पुढच्या २८ वर्षांत त्यांनी अमेरिका आणि युरोपात शाळा, अनाथाश्रम आणि रुग्णालयं मिळून ६७ संस्था उभ्या केल्या. १९४६ मध्ये त्यांना संतपद मिळालं. अमेरिकेचं नागरिकत्व असलेल्या त्या पहिल्या संत.

मे २०२५ मध्ये शिकागोत जन्मलेले कार्डिनल रॉबर्ट प्रिव्होस्ट पोप झाले आणि त्यांनी लिओ चौदावे हे नाव घेतलं. त्यांच्याआधीचे लिओ, म्हणजे लिओ तेरावे, यांनीच कॅब्रिनी यांना अमेरिकेला धाडलं होतं. अमेरिकेत स्थलांतरितांचा प्रश्न तापलेला असताना त्यांचं नाव पुन्हा निघतं ते साहजिक आहे. पण कॅब्रिनी यांची गोष्ट फक्त सेवेची नाही. ती एका घरातल्या भांडणाचीही आहे. आयरिश, जर्मन, पोलिश, इटालियन असे सगळे कॅथलिक एकाच चर्चचे, तरी एका छपराखाली बसायला तयार नव्हते. असं का होतं?

लहानपण आणि गोव्याशी जोडलेलं नाव

फ्रान्चेस्का कॅब्रिनी हिचा जन्म १५ जुलै १८५० रोजी उत्तर इटलीतल्या लोम्बार्डी प्रांतात, सांतान्जेलो लोदिजानो या गावात झाला. तेव्हा इटली नावाचा एकसंध देशच नव्हता. हा भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. घर शेतकऱ्याचं, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी. भावंडं पुष्कळ झाली, पण मोठी होईपर्यंत जगली ती चारच. फ्रान्चेस्का दिवस भरण्याआधीच जन्मलेली आणि आयुष्यभर नाजूक प्रकृतीची.

तिचे मामा धर्मगुरू होते. त्यांच्या गावी कालव्याच्या काठी बसून ती कागदाच्या होड्या करायची, त्यात जांभळी रानफुलं भरायची आणि सोडून द्यायची. ही फुलं म्हणजे चीनला निघालेले मिशनरी! एकदा ती स्वतःच पाण्यात पडली आणि त्यानंतर पाण्याची भीती कायमची मनात बसली. हीच मुलगी पुढे वीसहून अधिक वेळा अटलांटिक महासागर पार करणार होती.

शिक्षिकेची परीक्षा ती पास झाली. १८७० मध्ये आई-वडील दोघंही गेले. नंतर देवीच्या साथीत रुग्णसेवा करताना तिला स्वतःलाही देवी आल्या. नन व्हायची इच्छा होती, पण तब्येतीचं कारण देऊन तिला नकार मिळाला. १८७४ मध्ये कोदोन्यो गावातला एक अव्यवस्थेत सापडलेला अनाथाश्रम सावरण्यासाठी तिला पाठवण्यात आलं. (करोनाची साथ इटलीत पसरली तेव्हा फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वांत आधी जगासमोर आलेलं कोदोन्यो ते हेच.) तिथे सहा वर्षं तिने त्रासच सोसला. शेवटी बिशपांनी तो अनाथाश्रम बंद केला आणि मिशनरी व्हायचं आहे तर स्वतःचा संघच काढ, असं तिला सुचवलं. नोव्हेंबर १८८० मध्ये कोदोन्योतल्याच एका जुन्या, पडीक मठात सात जणींनी सुरुवात केली. संघाचं नाव ठेवलं मिशनरी सिस्टर्स ऑफ द सेक्रेड हार्ट.

या नावालाही विरोध झाला होता. मिशनरी हा शब्द तेव्हा पुरुषांसाठी राखीव मानला जाई. बायकांनी रुग्णसेवा करावी, शाळा चालवाव्यात, पण परदेशी मोहिमा काढणं त्यांचं काम नव्हे, असा समज होता. कॅब्रिनी यांनी शब्द बदलला नाही. त्याआधी, १८७७ मध्ये व्रत घेताना, त्यांनी स्वतःच्या नावात झेवियर जोडलं होतं. हे झेवियर म्हणजे ज्यांचं शव जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस बॅसिलिकात आहे आणि २०२४-२५ च्या शवप्रदर्शनात ज्यांच्या दर्शनासाठी रांगा लागल्या होत्या, तेच सेंट फ्रान्सिस झेवियर. त्यांना चीनमध्ये जायचं होतं आणि १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावर परवानगीची वाट पाहत ते वारले. कॅब्रिनी यांनाही चीनलाच जायचं होतं. त्यांच्या नशिबातही चीन नव्हता.

पूर्वेऐवजी पश्चिमेला कशा गेल्या?

१८८७ मध्ये कॅब्रिनी रोमला गेल्या. तिथे त्यांची गाठ पियाचेन्झाचे बिशप जोव्हान्नी बात्तिस्ता स्कालाब्रिनी यांच्याशी पडली. मिलानच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेला निघालेल्या गरीब शेतकऱ्यांची गर्दी पाहून हे बिशप अस्वस्थ झाले होते आणि त्यांनी त्याच वर्षी स्थलांतरितांसाठी धर्मगुरूंचा एक संघ काढला होता. त्यांना न्यूयॉर्कसाठी नन हव्या होत्या. कॅब्रिनी यांचं मन मात्र चीनमध्ये अडकलेलं.

निर्णय लिओ तेरावे यांनी दिला. पूर्वेला नव्हे, पश्चिमेला जा, असं त्यांनी सांगितलं. या पोपना अमेरिकेतल्या इटालियनांची चिंता होती. डिसेंबर १८८८ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या बिशपांना खास याच विषयावर पत्र लिहिलं होतं. १८८० ते १९२० या काळात ४० लाखांहून जास्त इटालियन अमेरिकेत उतरले. त्यातले बहुतेक दक्षिण इटलीतले, सिसिली आणि नेपल्सच्या आसपासचे, भूमिहीन किंवा तुटपुंज्या जमिनीचे. कोणी बोगदे खणायला, कोणी रेल्वे टाकायला, कोणी खाणीत.

त्यांना कामावर लावायचा तो पाद्रोने. ऊसतोड मजुरांची टोळी नेणारा मुकादम डोळ्यांसमोर आणला की पाद्रोने समजतो. बोटीचं भाडं उचल म्हणून द्यायचं, मग मजुरी, खोलीभाडं, किराणा, पत्रव्यवहार सगळं आपल्याच हातात ठेवायचं. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला त्याच्याशिवाय इलाज नव्हता. आणि ज्या ठिकाणी हा माणूस रविवारी तरी आपलेपणाने जाऊ शकला असता, त्या चर्चमध्ये वेगळाच अनुभव येत होता.

चर्च एकच, मग इटालियन तळघरात का?

हे शब्दशः खरं आहे. न्यूयॉर्कच्या अनेक चर्चमध्ये मुख्य सभागृहात आयरिश लोकांची मिस्सा व्हायची आणि इटालियनांसाठी तळघरात वेगळी. ईस्ट हार्लेममधलं माउंट कार्मेलचं चर्च १८८४ मध्ये बांधलं गेलं तेव्हा इटालियन मजुरांनी दिवसभराचं काम आटोपून त्यासाठी हात लावला होता. तरीही त्यांची जागा पुढे कित्येक वर्षं खालच्या मजल्यावरच राहिली.

याला आयरिश लोकांचा दुष्टपणा म्हणून मोकळं होता येत नाही. आयरिश हेही आधी स्थलांतरितच होते. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. अमेरिकेत प्रोटेस्टंट बहुसंख्याकांनी त्यांचं स्वागत दगडांनी केलं. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात कॅथलिक चर्च जाळण्यात आली. अशा वातावरणात आयरिश कामगारांनी आणि मोलकरणींनी सेंट-सेंट साठवून चर्च, शाळा आणि अनाथाश्रम उभे केले. न्यूयॉर्कचं भव्य सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल १८७९ मध्ये उघडलं, ते याच पैशांवर. चर्च ही त्यांची कमाई होती, आणि कमावलेल्या घरात नवा भाडेकरू कसा वागतो याकडे मालकाचं लक्ष असतंच.

इटालियनांचं वागणं त्यांना पटत नव्हतं. इटलीत चर्च जुन्या जमिनींवर आणि सरकारी मदतीवर चालायचं. दर रविवारी खिशात हात घालण्याची सवय लोकांना नव्हती. अमेरिकेत तर चर्चमध्ये बसायच्या जागेचेही पैसे घेतले जात. देवाच्या दारात तिकीट कसलं, असं इटालियन शेतकऱ्याला वाटे. हा माणूस रविवारच्या मिस्सेला क्वचित दिसायचा, पण गावच्या संताच्या फेस्ताला मूर्ती खांद्यावर घेऊन, बँड लावून, फटाके फोडून अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायचा. आयरिश धर्मगुरूंना हे जवळजवळ मूर्तिपूजेसारखं वाटायचं. वसई, मुंबई किंवा गोव्याचा फेस्त पाहिलेल्याला मात्र यात वावगं काही दिसणार नाही.

राजकारणाचीही एक गाठ होती. १८७० मध्ये इटलीच्या नव्या राज्याने रोम शहर पोपच्या हातून काढून घेतलं. आयरिश कॅथलिकांच्या लेखी इटालियन म्हणजे पोपला लुटणारे. खुद्द इटालियन स्थलांतरितांमध्येही पाद्र्यांना विरोध करणारा मोठा गट होता. १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेत अमेरिकी बिशपांनी इटालियन प्रश्न या नावाने त्यावर चर्चा केली. म्हणजे एक अख्खा समाज कॅथलिक चर्चसाठी कॅथलिक असूनही प्रश्न ठरला होता.

आर्चबिशपांचं म्हणणं अगदीच चूक होतं का?

आर्चबिशप मायकेल कॉरिगन स्वतः आयरिश स्थलांतरितांचे पुत्र. सिनेमात त्यांना खलनायकाच्या जवळ नेऊन ठेवतात, पण त्यांची अडचण समजण्यासारखी होती. अनाथाश्रमासाठी पैसा देणार होत्या काउंटेस दी चेस्नोला. त्यांचे पती मेट्रोपॉलिटन म्युझियमचे संचालक होते. काउंटेसनी घर घेतलं ते श्रीमंतांच्या वस्तीत, ५९ व्या रस्त्यावर. इटालियन मुलं राहायची डाउनटाउनच्या चाळीवजा इमारतींमध्ये. गरीब अनाथांचा आश्रम श्रीमंतांच्या खिडकीखाली चालणार नाही, जमलेले पैसेही एक वर्षाच्या पुढे पुरणार नाहीत, आधी वस्तीत शाळा काढू, असा त्यांचा हिशेब होता. नन येऊ नयेत असं पत्र त्यांनी धाडलंही होतं. पण बोट आधी सुटली होती.

तोडगा कॅब्रिनी यांनीच काढला. इटालियन वस्तीत शाळा सुरू केली आणि काही आठवड्यांत अनाथाश्रमही. वर्ग भरायला जागा नव्हती म्हणून चर्चमध्येच मुलांना शिकवलं. नन दोघी-दोघींनी दुकानांच्या दारात जाऊन पैसे, भाजी, ब्रेड मागत. पुढच्याच वर्षी हडसन नदीच्या काठी वेस्ट पार्क इथे जेझुइटांची एक मोठी जागा त्यांनी स्वस्तात घेतली. स्वस्त का, तर पाणी नव्हतं. नंतर तिथे झरा सापडला आणि अनाथ मुलं तिथे राहायला गेली. जागेबाबतचा आर्चबिशपांचा मुद्दा असा काही अंशी खराच ठरला. कॉरिगन आणि कॅब्रिनी यांचे संबंध पुढे चांगले राहिले, हे सहसा सांगितलं जात नाही.

भाषेनुसार पॅरिश म्हणजे काय?

कॅथलिक चर्चची रचना भूगोलावर उभी असते. तुम्ही ज्या भागात राहता तिथलं चर्च तुमचं. ती तुमची पॅरिश, म्हणजे धर्मग्राम. पण एकाच मोहल्ल्यात पाच भाषांचे लोक राहायला लागल्यावर हा नियम कोलमडला. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्येच असायची, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. प्रवचन आणि पापनिवेदन यांचं काय करायचं? इंग्रजी न येणाऱ्या बाईने आयरिश धर्मगुरूसमोर पापाची कबुली कशी द्यायची?

यावर अमेरिकेत उपाय निघाला तो भाषेनुसार पॅरिशचा. नकाशावर एक लेयर हद्दींची आणि तिच्यावर दुसरी लेयर भाषांची. जर्मन माणूस कुठल्याही गल्लीत राहो, तो जर्मन चर्चचा. त्यामुळे शिकागोसारख्या शहरात एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आयरिश, जर्मन, पोलिश, झेक, लिथुआनियन अशी चर्च उभी राहिली. प्रत्येकाचा संत वेगळा, शाळा वेगळी, बँड वेगळा, कित्येकदा दफनभूमीही वेगळी. शिकागोतली पोलिश लोकांची सेंट स्टॅनिस्लॉस कोस्टका ही पॅरिश तर एकेकाळी देशातल्या सर्वांत मोठ्या पॅरिशपैकी एक होती.

व्यवस्था चालत होती, पण बिशप कोण होणार हा प्रश्न सुटलेला नव्हता. बिशपांच्या खुर्च्यांवर प्रामुख्याने आयरिश वंशाचेच लोक होते. १८९१ मध्ये पीटर पॉल कान्सली या जर्मन व्यापाऱ्याने युरोपातल्या स्थलांतरित-मदत संस्थांच्या वतीने पोपकडे निवेदन दिलं: प्रत्येक समाजाला आपल्या भाषेचे धर्मगुरू, शाळा आणि बिशपांमध्ये प्रतिनिधित्व मिळावं. अमेरिकेत गदारोळ झाला. कार्डिनल गिबन्स आणि सेंट पॉलचे आर्चबिशप जॉन आयर्लंड यांना वाटलं, आधीच प्रोटेस्टंट आपल्याला परकीय म्हणून हिणवतात, त्यात जर्मनीतून चर्च चालवलं तर संपलंच. रोमने मागणी मान्य केली नाही.

काही जण मग बाहेर पडले. याच आर्चबिशप आयर्लंड यांनी पूर्व युरोपातून आलेले ग्रीक कॅथलिक धर्मगुरू ॲलेक्सिस टॉथ यांना, ते विवाहित राहिलेले विधुर होते म्हणून, स्वीकारायला नकार दिला. ग्रीक कॅथलिक परंपरेत धर्मगुरूंना लग्नाची मुभा असते. टॉथ १८९१ मध्ये आपल्या लोकांसह ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले आणि पुढे हजारो त्यांच्या मागे गेले. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये पोलिश खाणकामगारांनी विचारलं, चर्च आमच्या पैशांचं तर त्याची मालमत्ता आमच्या नावावर का नाही? १८९७ मध्ये फ्रान्चिशेक होदूर यांच्या नेतृत्वाखाली ते वेगळे झाले. त्यांचं पोलिश नॅशनल कॅथलिक चर्च आजही आहे.

कॅब्रिनी या भांडणात उघडपणे कोणाच्याच बाजूला उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या शाळांत इटालियन आणि इंग्रजी दोन्ही शिकवलं जायचं. निवेदनं करण्यात वेळ न घालवता त्या इमारती विकत घेत गेल्या, आणि त्या इमारती आपल्या संघाच्या नावावर राहतील याची काळजी घेत गेल्या. होदूर ज्या मुद्द्यावर चर्चबाहेर गेले, तो मालकीचा मुद्दा या बाईंनी चर्चमध्ये राहून, दस्तऐवजांच्या पातळीवर सोडवला होता.

न्यू ऑर्लिन्समध्ये काय घडलं होतं?

ऑक्टोबर १८९० मध्ये न्यू ऑर्लिन्सचे पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी यांची हत्या झाली. संशय सिसिलियन लोकांवर गेला आणि धरपकड सुरू झाली. नऊ जणांवर खटला चालला. १३ मार्च १८९१ रोजी एकालाही दोषी ठरवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हजारोंचा जमाव तुरुंगात घुसला आणि ११ इटालियनांना ठार मारलं. त्यात शहरातले प्रतिष्ठित लोक पुढे होते. शिक्षा कोणालाच झाली नाही. इटलीने आपला राजदूत परत बोलावला. अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या सामूहिक झुंडबळींमध्ये याची गणना होते.

पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, कॅब्रिनी यांच्या नन त्या शहरात राहायला गेल्या. फ्रेंच क्वार्टरमधल्या सेंट फिलिप स्ट्रीटवर जुन्या इमारतीत त्यांनी शाळा आणि अनाथाश्रम सुरू केला. १९०५ मध्ये पीतज्वराची साथ आली तेव्हा त्या घरोघरी फिरत होत्या.

याच शहरात कॅथलिकांमधली आणखी एक भिंत उभी राहत होती. १८९५ मध्ये इथे कृष्णवर्णीयांसाठी वेगळी पॅरिश स्थापन झाली. वेगळी भाषा नाही, वेगळा देश नाही. फक्त त्वचेचा रंग वेगळा. इटालियनांनी भाषेची पॅरिश मागितली होती, कृष्णवर्णीय कॅथलिकांपैकी अनेकांनी मात्र या वेगळेपणाला विरोध केला होता. कॅब्रिनी यांचं काम या भिंतीपलीकडे फारसं गेलं नाही, हे नोंदवायला हवं. त्या बाजूला काम करत होत्या फिलाडेल्फियाच्या बँकरची लेक कॅथरिन ड्रेक्सेल. त्यांनी कृष्णवर्णीय आणि मूलनिवासींसाठी नन संघ काढला होता. त्याच्या नियमावलीला रोमची मंजुरी अडली तेव्हा, पत्र पाठवून बसू नका, स्वतः जाऊन बसा, असा सल्ला त्यांना कॅब्रिनी यांनी दिल्याचं सांगितलं जातं. ड्रेक्सेल गेल्या आणि मंजुरी घेऊन आल्या. पुढे त्याही संत झाल्या.

रुग्णालयाला कोलंबसचं नाव का दिलं?

स्कालाब्रिनी यांच्या धर्मगुरूंनी न्यूयॉर्कमध्ये काढलेलं इटालियन रुग्णालय कर्जात बुडालं. कॅब्रिनी यांना त्यात पडायचं नव्हतं; त्यांचा संघ शिक्षणासाठी होता. शेवटी पडल्या, पण जुनं कर्ज अंगावर घ्यायला नकार देऊन. १८९२ मध्ये भाड्याच्या जागेत, अगदी थोड्या पैशांत त्यांनी नवं रुग्णालय सुरू केलं. त्या वर्षी कोलंबसच्या सफरीला ४०० वर्षं होत होती आणि अमेरिकाभर उत्सव होता. कोलंबस इटालियन, चर्चला मानणाऱ्यालाही चालणारा, चर्चवर चिडलेल्यालाही चालणारा आणि देणगीदार अमेरिकनाला तर हवाच असलेला. एका नावात तिन्ही गिऱ्हाईकं. कोलंबस हॉस्पिटल हे नाव म्हणजे पक्कं मार्केटिंग होतं असं म्हटलं तर कॅब्रिनी यांचा अपमान होऊ नये.

त्यानंतरचा वेग चक्रावणारा आहे. १८९१ मध्ये निकाराग्वात शाळा, तीन वर्षांत तिथून हकालपट्टी. मग खेचरावर बसून अँडीज पर्वत ओलांडून अर्जेंटिना. पॅरिस, माद्रिद, लंडन, ब्राझील. १९०२ मध्ये कोलोरॅडोतल्या डेन्व्हरमध्ये शाळा. तिथल्या नन खाणकामगारांना भेटायला खाणीत उतरायच्या. न्यूयॉर्कजवळच्या सिंग सिंग तुरुंगात इटालियन कैद्यांशी त्यांच्या भाषेत बोलायला जायच्या. १९०३ मध्ये सिॲटल.

शिकागोत १९०५ मध्ये लिंकन पार्कजवळचं एक हॉटेल रुग्णालयासाठी घ्यायचं ठरलं. व्यवहारात फसवणुकीचा वास आला म्हणून कॅब्रिनी यांनी पहाटे दोन ननना दोरी घेऊन जागा मोजायला पाठवलं, अशी एक गोष्ट सांगतात. विकणाऱ्यांनी कडेची पट्टी कापून ठेवायचा घाट घातला होता, तो त्या दोरीने उधळला. ठेकेदार घोळ घालतायत हे दिसल्यावर त्यांना काढून त्या स्वतः बांधकामावर उभ्या राहिल्या. आपल्याकडे शिक्षणसंस्था काढणाऱ्या जुन्या पिढीच्या अशा गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतात, तशीच ही.

१९०९ मध्ये सिॲटलमध्ये त्यांनी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. इतक्या मालमत्ता आणि इतकी माणसं जिथे आहेत त्या देशाचं नागरिक असणं व्यवहाराला धरूनच होतं.

अखेर शिकागोत

मलेरियाने त्यांना वर्षानुवर्षं पोखरलं होतं. २२ डिसेंबर १९१७ रोजी शिकागोच्या कोलंबस हॉस्पिटलमध्ये त्यांचं निधन झालं. आदल्या दिवशी त्या पॅरिशच्या शाळेतल्या मुलांसाठी नाताळच्या मिठाईच्या पुड्या बांधत होत्या. वय ६७. संस्थाही ६७.

त्यांच्या अंत्यविधीचं पौरोहित्य आर्चबिशप जॉर्ज मंडेलाईन यांनी केलं. योगायोग असा की भाषेनुसार पॅरिशना लगाम घालणारे शिकागोचे हेच ते आर्चबिशप. १९१६ मध्ये पदावर आल्यावर त्यांनी शाळांतलं शिक्षण इंग्रजीत आणायला घेतलं आणि नव्या भाषिक पॅरिशना हात आखडता घेतला. १९२४ मध्ये अमेरिकेने दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांसाठी कोटा लावून दारंच जवळजवळ बंद केली आणि नव्या पॅरिशची गरजही ओसरली. १९३८ मध्ये कॅब्रिनी यांना धन्य घोषित केलं तेव्हा रोममधली मिस्सा कार्डिनल झालेल्या मंडेलाईन यांनीच अर्पण केली. ७ जुलै १९४६ रोजी पोप पायस बारावे यांनी त्यांना संतपद दिलं आणि १९५० मध्ये स्थलांतरितांच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केलं.

आज त्यांचं नाव कुठे दिसतं?

शिकागोत १९४२ मध्ये इटालियन वस्तीच्या जागी गरिबांसाठी घरं बांधली, त्यांना कॅब्रिनी यांचं नाव दिलं. त्यातूनच वाढलेली कॅब्रिनी-ग्रीन ही वसाहत पुढे गुन्हेगारी आणि सरकारी अनास्थेसाठी देशभर बदनाम झाली. तिथले उंच टॉवर २०११ पर्यंत पाडून झाले. कित्येक अमेरिकनांना कॅब्रिनी हे नाव आधी या टॉवरमुळे माहीत होतं, संतामुळे नंतर.

न्यूयॉर्क महापालिकेने स्त्रियांचे पुतळे उभारण्यासाठी लोकांकडून नावं मागवली तेव्हा सर्वाधिक पसंती कॅब्रिनी यांना मिळाली, तरी निवडलेल्या यादीत त्या नव्हत्या. इटालियन-अमेरिकन समाज भडकला आणि राज्य सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये बॅटरी पार्कजवळ वेगळा पुतळा उभारला. त्यात कॅब्रिनी दोन मुलांसह एका कागदी होडीत उभ्या आहेत. कोलोरॅडोने तर त्याच वर्षी कोलंबस डेची सुट्टी रद्द करून ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी कॅब्रिनी डे सुरू केला. एका स्त्रीच्या नावाने दिलेली ही अमेरिकेतली पहिली राज्यस्तरीय पगारी सुट्टी. ज्या कोलंबसचं नाव त्यांनी रुग्णालयाच्या पाटीवर चढवलं, त्याच्याच जागी आता त्या आहेत.

ईस्ट हार्लेमचं माउंट कार्मेल चर्चही अजून उभं आहे. तिथली इटालियन कुटुंबं उपनगरांत गेली, त्यांच्या जागी प्वेर्तो रिकोचे लोक आले. दर वर्षी १६ जुलैला फेस्त भरतो. एकेकाळी तळघरात राहिलेली मारियेची मूर्ती आता वरच्या मुख्य वेदीवर असते, आणि तिच्यासमोर क्रेओल भाषेत गाणारी सगळ्यात मोठी गर्दी हैतीहून आलेल्यांची असते.